ओढ्यातला माशांचा रस्ता: प्रकल्प नोंदी

१८ डिसेंबर २०२४

पाहणी पूर्ण झाली. संगमापासून वर साधारण सव्वा किलोमीटरचा तुकडा धरलाय. त्याच्याही वरती झाडी दाट आहे, पाणी निवळ आहे, गोटे स्वच्छ आहेत, तिथं हात लावायची गरजच नाही. खाली नदीत मासा आहे, वर त्याला अंडी घालायला जागा आहे आणि मधला रस्ता बंद आहे, सगळ्या कामाचं मूळ हे एवढंच.

बंद कशानं, तर संगमाच्या थोडं वर फरशी पूल आहे. खाली सिमेंटचे तीन पाइप, आणि पाइपाच्या तोंडाशी पाणी उडी मारून खाली पडतं. टेप लावला, उडी ४५ सेंमी. अनेक वर्षं पाणी तिथं आदळून पुलाच्या खालची जमीन खरवडत गेलंय म्हणून ती उडी दर पावसाळ्यात थोडी थोडी वाढत जाते. पुलावरून जाणाऱ्याला हे कधी दिसणारच नाही, पण पाण्यातून वर येणाऱ्यासाठी ती भिंतच आहे.

पुलाच्या वर पात्र दोनेकशे मीटर एकदम सरळ आहे. कधीतरी जेसीबी लावून वळण काढलेलं दिसतंय, गोटे उचलून काठावर रचलेत. मोकळ्या सोडलेल्या ओढ्यात डोह आणि खळाळ (गोट्यांवरून उथळ, वेगानं वाहणारं पाणी) आलटून पालटून येतात, एका खळाळापासून पुढच्या खळाळापर्यंत अंतर साधारण पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट. आपला ओढा सहा मीटर रुंद, म्हणजे तीस-चाळीस मीटरवर एकेक खळाळ हवा. या दोनशे मीटरमध्ये एकही नाही, सगळं गुडघ्याखालचं सपाट पाणी.

९ जानेवारी २०२५

आज दगड मोजले. पद्धत जुनी आहे, वोलमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलेली, पण अजून हिच्याइतकी सोपी दुसरी मिळालेली नाही. खळाळाच्या आडव्या चालत जायचं, पाऊल टाकलं की खाली न बघता बुटाच्या टोकाशी बोट लागेल तो पहिला दगड उचलायचा, त्याची सर्वात लांब बाजू नाही, सर्वात बारीक पण नाही, मधली बाजू मोजायची आणि दगड ठेवून पुढं. असे शंभर दगड. न बघता उचलणं महत्त्वाचं, नाहीतर हात आपोआप मोठ्या दगडाकडं जातो. वरच्या चांगल्या भागात मधला आकडा ४२ मिमी आला. पुलाच्या वरच्या खळाळात १९, आणि त्यातही बऱ्याच वेळा बोटाला दगड लागलाच नाही, नुसता गाळ.

गाळाचं एवढं का, ते लिहून ठेवतो कारण टीममध्ये नवीन मुलं आलीत. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या महसीर माशाची अंडी जड असतात, तळाशी जाऊन दगडांच्या फटीत बसतात. तीनचार दिवसांत पिल्लू बाहेर येतं पण ते लगेच पोहत नाही, पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन अजून काही दिवस तिथंच फटीत पडून राहतं. एवढे सगळे दिवस त्याला प्राणवायू मिळतो तो गोट्यांच्या मधून वाहणाऱ्या पाण्यातून. फटी गाळानं बुजल्या की वरून ओढा कितीही खळखळत असू दे, खाली अंडं गुदमरतं. आणि महसीर रोहू-कटल्यासारखी लाखो अंडी घालत नाही, म्हणून जेवढी घालते तेवढी जगायला हवीत.

म्हणून आज जाळीचे डबे पुरले. डबा म्हणजे सगळ्या बाजूंनी भोकं असलेली साधी टोपली, तीत धुतलेली स्वच्छ खडी भरायची आणि तोंड तळाशी समपातळीत येईल अशी खळाळात गाडायची. महिन्याभरानं काढून आत किती गाळ शिरला ते चाळून वजन करायचं. चार डबे पुलाच्या वर, चार चांगल्या भागात.

२ फेब्रुवारी २०२५

आज मीटिंगमध्ये परत तोच मुद्दा, की एवढं दगडमातीचं काम कशाला, मत्स्यबीज आणून सोडू, वर्षभरात ओढा भरेल. मी नाही म्हणालो आणि का ते सविस्तर सांगितलं.

पहिलं म्हणजे ज्या पाण्यात अंडं जगत नाही तिथं सोडलेलं पिल्लू मोठं झालं तरी त्याची पुढची पिढी कुठून येणार, मग दरवर्षी सोडत राहा. दुसरं कावेरीचं. कावेरीत तिचा स्वतःचा मोठा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, टॉर रेमादेवी. तिथं १९७० च्या दशकापासून बाहेरच्या हॅचरीतला निळ्या पराचा महसीर, टॉर खुद्री, चांगल्या हेतूनंच सोडत गेले. त्या पाहुण्यानं बघता बघता नदी व्यापली आणि मूळचा महसीर इतका कमी झाला की २०१८ मध्ये आययूसीएन या जागतिक संस्थेच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत, त्याची नोंद थेट क्रिटिकली एन्डेंजर्ड, म्हणजे नामशेष व्हायच्या अगदी काठावर, अशी झाली. गंमत नाही ही, एका नदीचा मासा कायमचा जाऊ शकतो. आणि टॉर खुद्री काही वाईट मासा नाही, त्याच्या स्वतःच्या नदीत तो हवाच, पण त्याच्या नदीत.

आपल्याकडं खाली नदीत मासा आहे ना अजून. मग आधी दार उघडू, घर झाडून ठेवू, तो स्वतः येईल. आला नाही तर बाकीचं बोलू. शेवटी सगळ्यांनी मान्य केलं.

१४ फेब्रुवारी २०२५

डबे काढले. चांगल्या भागातल्या डब्यात दोन मिमीच्या चाळणीतून खाली गेलेला माल एकूण वजनाच्या ६ टक्के, पुलाच्या वरच्या डब्यात २७ टक्के. आणि हे पावसाशिवाय, कोरड्या दिवसांतल्या धारेत! डबा उचलतानाच कळत होतं, चांगल्या भागातला उचलला की पाणी निथळून जायचं, पुलाजवळचा उचलला तर खालून चॉकलेटी ओघळ.

गाळ येतो कुठून ते शोधत काठाकाठानं वर गेलो. मुख्य जागा एकच सापडली, डाव्या काठाला एक घळ येऊन मिळते तिथं जनावरं पाण्यावर उतरतात आणि काठ तुडवून मोकळी माती झालीय, तिथून सतत सुटते. खळाळ आज साफ केला तरी ही घळ तशीच राहिली तर दोन पावसात सगळं परत. म्हणून क्रम ठरवला, आधी घळ, मग खळाळ.

७ मार्च २०२५

घळीचं काम झालं. जनावरांना पाणी तोडायचं नाही हे पहिल्याच दिवशी कबूल केलेलं, त्यामुळं उतारावर दगड बसवून एक पक्की वाट केली आणि बाकीचा काठ काटेरी कुंपणानं बंद केला. घळीत खालून वर दगडाचे छोटे छोटे बांध घातलेत, पाणी अडवायला नाही, त्याचा वेग मोडायला. गुरं राखणारे काका स्वतः येऊन सांगून गेले की वाट अजून थोडी वरच्या अंगाला घ्या, म्हशी तिथूनच उतरतात, कुठंही केली तरी त्या तिथूनच उतरणार. घेतली वर.

काठावर वाळुंजाचे कट पण लावलेत. हाताच्या अंगठ्याएवढी जाड फांदी, दोन तृतीयांश जमिनीत, खालचं टोक ओलीपर्यंत पोचलं पाहिजे. वाळुंज पाण्यात उभं राहणारं झाड आहे, मुळं काठ घट्ट धरून ठेवतात आणि पुरात मोडत नाही, वाकतं.

२९ मार्च २०२५

पुलाचा हिशोब. पाइपातून वाहणाऱ्या पाण्याचा वेग मोजायला एका टोकाला लाकडाचा तुकडा सोडला, पाइपाची लांबी सहा मीटर, चार सेकंदात बाहेर. म्हणजे सेकंदाला दीड मीटर. छोटा मासा जीव तोडून पोहला तरी सेकंदाला साधारण स्वतःच्या लांबीच्या दहा पट जातो, आणि तेही काही सेकंदच, मग दमतो. आठ सेंमीचा मासा असेल तर सेकंदाला ८० सेंमी. पाणी त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगानं त्याच्या अंगावर येतंय, आत गुळगुळीत सिमेंट, टेकायला दगड नाही. म्हणजे समजा उडी काढून टाकली तरी पाइप त्याला परत ढकलणारच. फक्त उडीचा विचार करून बांधलेल्या बऱ्याच फिशपासचं, म्हणजे माशांना वर जायला केलेल्या वाटांचं, असंच होतं, पायऱ्या असतात पण मासे वर जात नाहीत.

उपाय असा ठरला की पुलाच्या खाली दगडांचा लांब उतार करायचा आणि त्याचा माथा पाइपाच्या तळापेक्षा १५ सेंमी वर ठेवायचा. मग पाणी पाइपात मागं तुंबतं, खोली वाढते, वेग पडतो. पाइपाचा स्वतःचा उतार सहा मीटरला १० सेंमी आहे म्हणून १५ घेतले तर वरच्या टोकापर्यंत तुंबारा पोचतो. एकूण चढ झाला ६० सेंमी, उतार १ ला २०, म्हणून लांबी १२ मीटर. कागद संबंधित खात्याकडं दिलेत, लेखी परवानगीशिवाय पुलाजवळ एक दगड हलवायचा नाही.

१६ एप्रिल २०२५

पहाटे पाच वाजता सपाट भागात प्राणवायू मोजला, लिटरला ४.२ मिग्रॅ. त्याच जागी काल दुपारी चारला ९.८ होता आणि पाणी ३१ अंश. दुपारचाच आकडा बघितला तर वाटतं एकदम छान पाणी आहे. पण ३१ अंशाला पाण्यात नुसत्या हवेतून साडेसातच्या आसपासच मावतो, त्याच्या वरचा जो आहे तो शेवाळानं उन्हात बनवलेला, आणि रात्री तेच शेवाळ श्वास घेतं आणि सगळा खाऊन टाकतं. मासा मरतो तो पहाटेला. त्यामुळं यापुढं प्राणवायूची नोंद पहाटेचीच धरायची.

सावली नाही हे मूळ. दोनशे मीटरमध्ये एक झाड नाही काठाला. दोन्ही बाजूंना करंज, उंबर आणि जांभूळ लावायचे खड्डे घेतले, लावणी पावसात. याला वर्षं लागतील, म्हणूनच आत्ता सुरुवात.

११ मे २०२५

परवानगी आली आणि दगडांचा उतार बांधून झाला. मोठे दगड दोन तृतीयांश गाडलेत, एकाच ओळीत न ठेवता वेडेवाकडे, म्हणजे प्रत्येक दगडामागं माशाला थांबून दम घ्यायला शांत पाणी मिळेल. मधोमध धार थोडी खोल, उन्हाळ्यात पाणी कमी झालं तरी तेवढी वाहती राहील. आणि दोन्ही कडांना मुद्दाम उथळ आणि खरखरीत पट्टा ठेवलाय, कारण वाम आणि तळाला चिकटून चालणारे मासे मधून जात नाहीत, कडेनं सरपटत जातात.

एक गोष्ट पुढं कुणी करणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून नीट लिहितो. दगड रचून पाणी सोडलं की पाणी दगडांच्या पोटात शिरून गायब होतं आणि उतार वरून कोरडा दिसतो. तसंच सोडायचं नाही. बारीक खडी, रेती आणि थोडी माती असं मिश्रण वरून टाकायचं आणि पंपाच्या पाण्यानं फटीत धुऊन बसवत राहायचं. आज दुपारपर्यंत तेच चाललं होतं, टाका, धुवा, परत टाका. साडेतीनच्या सुमाराला वरच्या टोकाला पाण्याचा पातळ पडदा दिसायला लागला आणि मग हळूहळू एकेक दगड ओला होत तो खालपर्यंत आला. पाइपातला वेग परत मोजला, सेकंदाला ४० सेंमी!

सपाट भागात खळाळासाठी काठावर रचलेले गोटेच परत पात्रात घातले, बाहेरून काही आणलं नाही. वादळात पडलेला एक उंबर होता, तो मुळांच्या गड्ड्यासकट वळणावर ठेवला, गड्डा पाण्यात आणि खोडाचा मोठा भाग काठात गाडलेला. नदीतलं लाकूड म्हणजे कचरा असं समजून जगभर ते वर्षानुवर्षं उपसलं गेलं, अमेरिकेत तर माशांच्या भल्यासाठी म्हणून काढत होते, आता तेच लोक ट्रकनं आणून परत घालतात. मुळांच्या मागं पाणी भोवरा घेतं, तळ खणतं, डोह आपोआप तयार होतो. जुना खळाळ पण पहारीनं उचकटून गाळ मोकळा केला, खाली कापडाची आडवण लावून तो उचलून घेतला. हे सगळं पावसाच्या आत उरकायचं होतं कारण नंतर अंडी असतात.

४ जून २०२५

पाऊस आला. ओढा पहिल्यांदाच भरून वाहिला, पाणी चहासारखं. उतार पूर्ण पाण्याखाली, काही दिसत नाही. झाडं लावली.

१५ जून २०२५

चढण लागली!!

दोन दिवस उघडीप होती म्हणून पाणी थोडं निवळलं होतं, संध्याकाळी उताराच्या कडेला बसलो. आधी काहीच नाही, मग एका दगडावर पाण्याची पातळ चादर वाहत होती तिथं काहीतरी काळपट हललं. मळ्या. बोटाएवढा. मळ्याच्या तोंडाखाली चकती असते, तिनं तो दगडाला चिकटतो, तसा चिकटून थांबला, शेपटी थरथरली, एक झेप, पुढच्या दगडाला चिकटला. त्याच्या मागं अजून एक, मग मोजणं सोडून दिलं. मधल्या खोल धारेतून चंदेरी अंगाचे दुसरे मासे एका दमात जात होते, ओळखायला वेळच देत नव्हते. अंधार पडल्यावर बॅटरी लावून पाइपात बघितलं तर तिथंही होते, तोंड वरच्या बाजूला करून संथपणे पोहत.

एक काळजी पण आहे. मासा एका अरुंद जागेतून जायला लागला की ते सगळ्यांना कळतं, आणि आज पुलावर दोघं जाळं घेऊन आले होते. भांडलो नाही. त्यातल्या मोठ्या दादांना खाली बोलावून उतार दाखवला, त्यांना पोटात अंडी असलेली मादी आमच्यापेक्षा लांबून ओळखता येते. ते म्हणाले, "पूर्वी हे मासे पार वरच्या डोहापर्यंत जायचे, पूल झाल्यापासून इथंच खाली साचून राहतात, म्हणून आम्ही पण इथंच धरतो." शेवटी त्यांच्याशीच बोलून ठरलं की पुलाच्या दोन्ही बाजूंना पन्नास मीटरमध्ये चढणीच्या दिवसांत जाळं लावायचं नाही. बाकीच्यांना सांगायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं.

२२ जुलै २०२५

मोठा पूर येऊन गेला. उताराचे तीन दगड खाली सरकले, माथा शाबूत. उंबराचं खोड थोडं फिरलं पण गड्डा जागेवर, आणि त्याच्या मागं खोली ७० सेंमीवरून ११० झालीय. सरकलेले दगड जिथं बसलेत तिथंच ठीक आहेत, उचलणार नाही.

३१ ऑगस्ट २०२५

डबे परत पुरले होते ते काढले. पुलाच्या वरच्या खळाळात गाळ ११ टक्के. आणि हा भर पावसातला आकडा, फेब्रुवारीत निवळ पाण्यात २७ होता. घळीतले बांध मातीनं भरलेत, म्हणजे ती माती ओढ्यात आली नाही. डबा चाळताना खडीच्या तुकड्यांची नळी करून राहणाऱ्या कॅडिसफ्लाय या किड्याच्या अळ्या सापडल्या, स्टोनफ्लायच्या पण दोन. स्टोनफ्लाय स्वच्छ आणि प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्याशिवाय राहत नाही, मीटरपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे.

कामाबद्दल लोक विचारतात की एवढ्याशा ओढ्यानं काय फरक पडणार, त्यांना मी क्लॅमथ नदीचं सांगतो. अमेरिकेत त्या नदीवरची चार धरणं काढायचं काम २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संपलं, आणि १६ ऑक्टोबरला त्या चारांतल्या सगळ्यात वरच्या धरणाच्याही वर एका छोट्या ओढ्यात सॅमन दिसले. १९१२ पासून तिथं सॅमन गेला नव्हता, शंभरावर वर्षं, आणि दार उघडल्यावर काही आठवड्यांत. आणि पोचले कुठं, तर ओढ्यातच. मुख्य नदी हा माशाचा हमरस्ता, पिल्लं वाढतात ती अशा ओढ्यांत.

१२ ऑक्टोबर २०२५

बारीक आसाचं जाळं लावून पुलाच्या वरच्या भागात मासे बघितले, मोजून लगेच सोडले. मळ्या सगळीकडं, त्यातले बरेच तीन सेंमीच्या आतले, म्हणजे यंदाच इथंच जन्मलेले. वाम दोन, उंबराच्या मुळांत. सपाट भागाच्या शेवटी जिथं पाणी अजून साचतं तिथं चिलापी निघाले, ते मात्र परत सोडले नाहीत, साचलेलं गरम पाणी त्यांना मानवतं आणि बाकीच्यांना नाही, म्हणून त्या कोपऱ्यात अजून एक खळाळ करायचाय. महसीर मिळाला नाही. तो मोठ्या डोहांचा मासा आहे, पहिल्याच वर्षी यावा अशी अपेक्षा ठेवलेली नव्हती, तरी जाळं उचलताना प्रत्येक वेळी आधी तोच शोधत होतो.

पहाटेचा प्राणवायू ६.९.

३० नोव्हेंबर २०२५

वरच्या झाडीच्या तोंडाशी दगडी भिंतीचा एक जुना तुकडा पात्रात आडवा आहे, पावसात त्याच्या खाली मळ्या जमलेले दिसले होते पण वर एकही नाही. आज पाणी उतरल्यावर टेप लावला, उडी ३० सेंमी, मधोमध एक भगदाड आहे ते वाढवता येईल. १ ला २० नं उतार केला तर सहा मीटर, आणि दगड तिथंच पडलेत. भिंतीच्या मागं गाळ किती साठलाय ते आधी सळई खुपसून बघायचं, एकदम सोडला तर खालचे खळाळ बुजतील. परवानगीचा अर्ज सोमवारी.